उरलेल्याचे उद्या काय करायचे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. घरात अन्न उरते, ते टाकताना मनाला लागते, आणि तरीही दोन दिवसांनी पुन्हा तेच घडते. म्हणून या अंकात केवळ याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत आणि पाठवणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

आमचे सहा जणांचे घर आहे. रोज रात्री वाटीभर भात आणि तीन-चार पोळ्या उरतात. सकाळी डब्यांच्या घाईत तिकडे लक्ष जात नाही आणि संध्याकाळी डबा उघडला की वास येतो. कमी रांधावे तर कोणी अर्धपोटी उठेल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, भांड्यात थोडे उरलेच पाहिजे, रिकामे भांडे घरात बरे दिसत नाही. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ज्या काळात पाहुणा न सांगता येत असे आणि त्याला पानावर बसवल्याशिवाय पाठवत नसत, त्या काळात थोडे जास्त रांधणे हा घराचा शहाणपणा होता. पण त्याच काळात उरलेल्याला सकाळी जागाही ठरलेली असे. रात्रीचा भात आणि पोळी-भाकरी हीच सकाळची न्याहारी होती. आज आपण रात्री जुन्या मापाने रांधतो आणि सकाळी मात्र नव्याने पोहे भिजवतो, उपमा करतो किंवा ब्रेड आणतो. उरलेल्याची दिवसातली जागाच आपण काढून घेतली आहे आणि त्यामुळे ते डब्यात बसून राहते.

आधी एक हिशेब करून पाहा. वाटीभर शिजलेला भात म्हणजे साधारण 50 ग्रॅम कच्चा तांदूळ. रोज तेवढा गेला तर वर्षाला 18 किलोंहून अधिक तांदूळ होतो. मध्यम आकाराच्या एका पोळीला 30 ग्रॅमच्या आसपास कणीक लागते, म्हणजे रोजच्या तीन पोळ्यांचा वर्षाचा हिशेब 30 किलोंच्या वर जातो. हा आकडा सासूबाईंना दोष म्हणून न सांगता, दोघींनी मिळून एकदा मांडून बघावा. वर्षाचे धान्य ज्यांनी उन्हे देऊन, निवडून, कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवले आहे, त्यांना तो हिशेब आपल्यापेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

मापाचे म्हणाल तर तांदळाच्या डब्यात एकच वाटी कायमची ठेवा आणि आठवडाभर किती वाट्या लावल्या व किती उरले एवढेच कागदावर लिहा. आठवड्याच्या शेवटी अर्धी वाटी कमी करून बघा. कोणी अर्धपोटी उठण्याची भीती असेल तर कणकेचा एक गोळा मळून बाजूला ठेवा, कारण लागली तर पोळी दोन मिनिटांत लाटून होते. न लागलेला गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळच्या डब्याला चालतो, लाटून भाजलेली पोळी मात्र परत कणीक होत नाही.

आता मुख्य गोष्ट. उरलेले अन्न वाया जायचे की नाही, हे रात्री भांडी आवरताना ठरते. झाकण लावण्याआधीच त्याचे उद्याचे नाव ठरवा. ‘उरलेला भात’ असा डबा फ्रिजमध्ये ठेवला तर तो चार दिवस तिथेच राहतो. ‘सकाळचा फोडणीचा भात’ म्हणून ठेवला तर सकाळी जो पहिला स्वयंपाकघरात येईल तो कांदा चिरायला घेतो. फ्रिजच्या दारावर एक पाटी लावून त्यावर हे नाव लिहिले तर घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही ‘आता काय करू?’ असे विचारावे लागत नाही.

फोडणीच्या भातासाठी गार झालेला भात ताज्यापेक्षा चांगला, यालाही कारण आहे. भात थंड झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि शीत न् शीत सुटे होते. ताजा मऊ भात कढईत टाकला तर त्याचा गोळा होतो. पोळ्यांचे माझ्या घरी असे करतात: पोळ्या हाताने कुस्करून घ्यायच्या, वेळ नसेल तर मिक्सरमध्ये एकदाच फिरवायच्या, पण पीठ होऊ द्यायचे नाही. त्या कुस्करलेल्या पोळीवर ताकाचा हबका मारून ती पाच मिनिटे झाकून ठेवायची. तोवर कढईत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे आणि भरपूर कांदा परतायचा, मग पोळी घालून मीठ, चिमूटभर साखर आणि एक वाफ. ताकाचा हबका विसरला तर ती कोरडी आणि चिवट लागते, आणि मग घरातले लोक ‘शिळी पोळी’ म्हणून नाक मुरडतात. कोणी याला फोडणीची पोळी म्हणते, कोणी कुस्करा, आणि काही घरांत माणिकपैंजण असे देखणे नावही आहे. मुले तिखट खात नसतील तर त्याच पोळीत किसलेला गूळ, तूप आणि वेलदोड्याची पूड घालून लाडू वळा.

भारतातील प्रत्येक माणसामागे वर्षाला 55 किलो अन्न घरात वाया जाते असे वाचले. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत एवढे अन्न टाकले जाते यावर विश्वास बसत नाही. (एक वाचक, सातारा)

हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्न-नासाडीविषयीच्या अहवालातील आहे. त्याच अहवालानुसार 2022 या वर्षात जगभरात घरे, उपाहारगृहे आणि दुकाने मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील 60 टक्के वाटा घरांचा होता. जगाची घरगुती सरासरी माणशी 79 किलो आहे. आपला आकडा त्याहून कमी आहे हे खरे, पण 55 किलो म्हणजे माणशी रोजचे 150 ग्रॅम आणि चौघांच्या घरात रोजचे 600 ग्रॅम होतात.

तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण या मोजणीत केवळ खाण्याजोगे अन्न धरलेले नाही. साली, देठ, बिया, हाडे हेही त्यात येते. चौघांच्या घरी एका दिवसात केळ्यांच्या आणि कलिंगडाच्या सालीच किती निघतात हे पाहिले की 600 ग्रॅम अशक्य वाटत नाहीत. त्या आकड्याने आपण स्वतःला अपराधी ठरवू नये आणि तो खोटा आहे म्हणून सोडूनही देऊ नये. ओट्यावर दोन डबे ठेवून घरचा आकडा स्वतः काढावा. एका डब्यात न खाण्याजोगे टाकावे, दुसऱ्यात जे खाता आले असते ते.

मी स्वतः हे एक आठवडा केले. दुसऱ्या डब्यात भात आणि पोळी निघेल अशी माझी खात्री होती. निघाले ते निराळेच: लाल पडलेली नारळाची अर्धी कवड, काळी पडून पाणी सुटलेली अर्धी जुडी कोथिंबीर, सुकून दोरी झालेले आले, अर्ध्या लिंबाच्या तीन फोडी आणि पानात टाकलेली कोशिंबीर. शिजवलेल्या अन्नाकडे माझे लक्ष होते आणि स्वयंपाकासाठी अर्धवट वापरलेल्या वस्तूंकडे मुळीच नव्हते. त्या आठवड्यापासून नारळ फोडला की मी तो पूर्ण खवते आणि उरलेला चव लहान डबीत भरून फ्रिजरमध्ये ठेवते. तुमच्या डब्यात काय निघते ते अवश्य कळवा, प्रत्येक घराचा डबा वेगळा असतो.

शिळा भात खाल्ल्याने विषबाधा होते असा निरोप आमच्या नातेवाइकांच्या गटात फिरत आहे. आजवर आम्ही फोडणीचा भात खात आलो. तो बंद करावा का? (एक वाचक, डोंबिवली)

बंद करू नये, पण भात ठेवण्याची पद्धत नक्की सुधारावी, कारण त्या निरोपात तथ्य आहे. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातून उलट्या करवणारे विष तयार होते. ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणूनच ‘फोडणीत चांगला परतला की काही होत नाही’ हा आपल्याकडचा समज धोक्याचा आहे. परतल्याने जिवाणू मरतील, आधीच तयार झालेले विष जाणार नाही.

याचा अर्थ धोका भाताच्या शिळेपणापेक्षा तो ओट्यावर पडून राहण्यात आहे. जेवणे झाल्यावर कुकरचे भांडे तसेच झाकून ठेवले तर मधला भात दोन-तीन तास गरमच राहतो. त्याऐवजी तो परातीत पसरावा, वाफ गेली की लहान डब्यात भरावा आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर एका तासातच ठेवलेला बरा. फ्रिजचे तापमान 5 अंश सेल्सियसच्या खाली असले पाहिजे, आणि फ्रिज ठासून भरलेला असला की ते तसे राहत नाही. दुसऱ्या दिवशी वापरताना हवा तेवढाच भात काढून वाफा निघेपर्यंत गरम करावा, आणि एकदा गरम केलेला परत ठेवू नये. भात दुसऱ्या दिवशीच संपवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा. तसे लिहिताना मला वाईट वाटते, पण घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील तर एका वाटी भातासाठी धोका पत्करणे ही काटकसर नव्हे.

बुरशीबाबतही हाच नियम लावावा. ब्रेडच्या एका कापावर बुरशी दिसली तर ती पूर्ण लादी गेली असे समजावे. खवट, सुरकुतलेले किंवा काळसर पडलेले शेंगदाणे कुटात घालू नयेत, कारण त्यांच्यावरच्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही.

सासरे शिळे अन्न तामसी मानतात आणि मुळीच खात नाहीत. उरलेल्या वरणात कणीक मळून मी पराठे केले आणि त्यांना न सांगता वाढले. त्यांना आवडले, पण मला तेव्हापासून रुखरुख लागली आहे. (एक वाचक, पुणे)

ती रुखरुख योग्य आहे असे मला वाटते. अन्न वाचवण्यासाठी माणसाचा विश्वास खर्च करू नये. त्यांना एकदा शांतपणे सांगा आणि पुढे विचारून वाढा. कदाचित ते वरणाच्या पराठ्यांना हो म्हणतील, कदाचित म्हणणार नाहीत.

श्रावणातल्या शीतला सप्तमीला अनेक घरांत चूल पेटवत नाहीत आणि आदल्या दिवशी केलेलेच खातात. आंबोळीचे पीठ, आंबील, दही हे पदार्थ तर रात्र गेल्याशिवाय तयारच होत नाहीत. पण हे दाखले सासऱ्यांना वादात हरवण्यासाठी वापरू नका. ज्यांना ताजेच हवे आहे त्यांच्यासाठी नेमके तेवढेच रांधणे हा उपाय जास्त सोपा आहे. त्यांचा भात छोट्या भांड्यात वेगळा लावा. कुकरमध्ये डाळ जास्त शिजली तर सगळ्या डाळीला फोडणी देऊ नका. अर्धी साधी डाळ गार करून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिची आमटी करता येते, आणि ती चालेल का हेही त्यांनाच विचारा. वरण उरलेच तर तुम्हा बाकीच्यांसाठी वरणफळे करा. उरलेले वरण पाणी घालून सैल करावे, त्याला चिंच-गुळाची चव आणि खमंग फोडणी द्यावी, उकळी आली की कणकेच्या लाटीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून त्यात सोडावे. वरून तूप घेतले की ते एका ताटातले पूर्ण जेवण होते.

आम्ही दोघेही नोकरी करतो. रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी आणतो आणि गुरुवारपर्यंत मेथी काळी पडलेली असते. (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

रविवारी आणलेली मेथी गुरुवारी करायची, हा बेतच चुकलेला आहे. पालेभाजी रविवारी किंवा फार तर सोमवारी रात्री झाली पाहिजे. त्यानंतर भेंडी, गवार, वांगी, आणि कोबी, गाजर, लाल भोपळा, सुरण यांना आठवड्याचा शेवट द्यावा. ज्या क्रमाने भाज्या नासतात त्या क्रमाने त्या खाव्यात, एवढे साधे हे गणित आहे, पण आपण आवडीच्या क्रमाने खातो.

मेथी किंवा कोथिंबीर आणल्यावर धुवून ठेवू नका. पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती कुजते. पिवळी पाने आणि जुडीची दोरी काढा, जुडी पसरून तासभर सुकू द्या, मग कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, कारण छपाईची शाई अन्नाला लागणे योग्य नाही, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही अन्न त्यात बांधू नये असे सांगितले आहे. पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवा. पिकताना त्यांतून जो वायू सुटतो त्याने शेजारची पाने लवकर पिवळी पडतात. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत आणि ते खरे आहे. एकमेकांच्या सहवासात दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधारात ठेवावेत, फ्रिजमध्ये नव्हे.

एक आग्रहाची सूचना आहे. आठवड्याचा बेत आखताना गुरुवार मोकळा सोडा. त्या दिवशी नवीन काही आणायचे नाही, फ्रिजमध्ये जे आहे त्याचेच थालीपीठ करायचे. भाजणीइतका मोठ्या मनाचा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात दुसरा नाही. अर्धा कांदा, उरलेली कोबीची भाजी, एक मऊ पडलेले गाजर, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या, मूठभर भात, आंबट होत आलेले ताक, हे सगळे ती पोटात घेते आणि तरीही चव भाजणीचीच राहते. भाजी पातळ असेल तर ती आधी कढईत आटवून घ्या, नाहीतर थालीपीठ तव्यावर सुटत नाही. आणि पुढच्या रविवारी मंडईत जाताना अर्धा किलोऐवजी पाव किलो मागायला संकोच करू नका.

साली आणि देठांच्या चटण्यांबद्दल हल्ली खूप वाचायला मिळते. पण फवारणीच्या औषधांमुळे भीती वाटते. कोणत्या साली खाव्यात? (एक वाचक, कोल्हापूर)

‘हल्ली’ या शब्दाला माझी हरकत आहे, कारण दोडक्याच्या शिरांची चटणी ही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. दोडका चिरण्याआधी त्याच्या उंच शिरा सुरीने हलक्या तासून काढतात. थोड्या तेलावर मंद आचेवर त्या हलवत राहायच्या. पहिली पाच मिनिटे त्या ओल्या आणि लिबलिबीत राहतात आणि हे काही जमणार नाही असे वाटते. मग हळूहळू रंग गडद होतो, काठ वळतात आणि कालथ्याला कुरकुर आवाज येऊ लागतो. त्या वेळी तीळ, किसलेले सुके खोबरे, लसूण आणि तिखट घालून आणखी दोन मिनिटे परतायचे आणि गार झाल्यावर हातानेच चुरायचे. दुधीच्या आणि लाल भोपळ्याच्या सालीची चटणी अशीच होते. मटाराच्या सालीच्या आतला पातळ, चिवट पापुद्रा ओढून काढला तर उरलेल्या भागाची भाजी गोडसर लागते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, कलिंगडाचा पांढरा गर, फणसाच्या आठळ्या यांतले काहीही टाकण्याजोगे नाही.

फवारणीची तुमची काळजी मात्र मला मान्य आहे. साल वापरायची असेल तर भाजी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावी, आणि तरीही मनाला शंका असेल तर ती साल खाऊ नये, खतात घालावी. प्रत्येक साल पोटात गेलीच पाहिजे असा हट्ट मी करणार नाही. चकाकणारे मेण लावलेल्या फळांच्या साली आणि हिरवे पडलेले बटाटे टाळावेतच. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगते: दुधी किंवा दोडका चिरण्याआधी त्याचा लहान तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर पूर्ण फळ टाकून द्या. त्या कडवटपणामागे जे द्रव्य असते त्याने तीव्र विषबाधा होऊ शकते, आणि शिजवून किंवा गूळ घालून ती टळत नाही.

गणपतीत आमच्याकडे पंचवीस-तीस माणसे जेवतात. दर वर्षी पुरण, सारण आणि उकड उरते, आणि तोवर सगळे इतके थकलेले असतात की निम्मे टाकले जाते. (एक वाचक, रत्नागिरी)

सणाच्या स्वयंपाकाचे आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने नियोजन केले होते, हे कटाच्या आमटीवरून कळते. पुरणासाठी चणाडाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवायची, वरचा कट काढून घ्यायचा, त्यात चमचाभर पुरण, गोडा मसाला, चिंच आणि भाजलेले सुके खोबरे घालून आमटी करायची. टाकाऊ ठरले असते ते पाणी पुरणपोळीच्या शेजारी ताटात मानाने बसले. कोकणात मोदकांची उरलेली उकडही याच न्यायाने वापरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको: हिरवी मिरची, जिरे आणि कोथिंबीर वाटून उकडीत मळायची, लहान चपट्या निवगऱ्या थापायच्या आणि मोदकांच्याच मोदकपात्रात शेवटच्या घाण्याला वाफवायच्या. पात्र तापलेले असतानाच हे झाले तर वेगळा खटाटोप पडत नाही. दुसऱ्या दिवसावर ढकलले तर उकड कोरडी पडते आणि मग ती टाकलीच जाते.

सारण उरले तर त्याच रात्री कढईत परत आटवून, थोडे दूध घालून वड्या थापाव्यात. पुरण लहान लहान डब्यांत भरून फ्रिजरमध्ये ठेवले तर पितृपक्षापर्यंत सहज राहते. श्रीखंडासाठी चक्का टांगला असेल तर खाली गळलेले आंबट पाणी भाजणी किंवा कणीक भिजवायला वापरा.

थकव्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, तेच खरे कारण आहे. म्हणून स्वयंपाक करणाऱ्यांकडे उरलेल्याची जबाबदारी देऊ नका. जेवून उठलेल्यांपैकी दोघांना, शक्यतो घरातल्या तरुण मुलांना, डबे भरण्याचे काम आधीच नेमून द्या. शेजारी किंवा कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचे असेल तर ते त्याच दुपारी, पंगत उठल्याबरोबर, स्वच्छ डब्यात घालून द्या. दुसऱ्या दिवशी आपल्याला नको वाटलेले अन्न त्यांच्या हातात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पाकिटावरची तारीख उलटली की वस्तू फेकून द्यायची का? (एक वाचक, नागपूर)

तारखेआधीचे शब्द वाचा. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ लिहिलेले असेल तर ती तारीख सुरक्षिततेची आहे आणि ती उलटल्यावर ती वस्तू खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची तारीख असते. त्या तारखेनंतर वस्तू तिथल्या तिथे विषारी होत नाही, पण बंद पाकीट, वास, रंग आणि कीड पाहून निर्णय घ्यावा लागतो. खरा उपाय खरेदीतच आहे. नवीन पाकीट कपाटात मागे आणि जुने पुढे ठेवण्याची सवय लावली की ही वेळ फारशी येत नाही.

मुले नोकरीनिमित्त बाहेर गेली, आता घरात आम्ही दोघेच. तीस वर्षे सहा जणांचा स्वयंपाक केला, हाताला तेच माप बसले आहे. रोज उरते, आणि यांना मधुमेह असल्याने संपवण्यासाठी खाणेही बरे नाही. (एक वाचक, सांगली)

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. हात जे माप विसरत नाही त्यात किती वर्षांची माया आहे, हे मला कळते. पण ‘संपवायचे म्हणून’ खाणे हीही नासाडीच आहे, आणि मधुमेहात तर त्याची किंमत औषधात मोजावी लागते. तुम्ही ते करत नाही हे उत्तम.

दोघांसाठी रोज चारी ठाव स्वयंपाक करण्याची गरज नाही. सकाळी पोळी-भाजी-कोशिंबीर आणि रात्री एकच पदार्थ, मुगाच्या डाळीची खिचडी किंवा भाकरी आणि पिठले, एवढे ठरवले की उरण्याचे प्रमाण आपोआप खाली येते. उसळीची कडधान्ये एकदाच मोड आणून घ्या आणि मोड आलेले कडधान्य मूठ-मूठ भर डब्यांत फ्रिजरमध्ये ठेवा, म्हणजे दोघांपुरती उसळ केव्हाही होते. दूध रोज कमी घ्या आणि साय मात्र साठवत राहा. साईचे विरजण, त्याचे ताक आणि लोणी, लोण्याचे तूप आणि तुपाच्या तळाशी राहिलेली बेरी, या साखळीत काहीच उरत नाही. ती बेरी अजून कोमट असताना थालीपिठाच्या पिठात मोहन म्हणून घाला, वेगळे तेल लागणार नाही.

आणि मापासाठी एक करा. डोळे भांडे बघून माप ठरवतात आणि हात डोळ्यांचे ऐकतो. ओट्यावरचे मोठे पातेले, सहा डब्यांचा कुकर आणि ती खोल कढई घासून, पुसून, कापडात बांधून माळ्यावर ठेवा. दोघांना पुरेल एवढे एक छोटे पातेले आणि दीड-दोन लिटरचा कुकर आणा. पहिले आठ दिवस चुकल्यासारखे वाटेल. मुले दिवाळीला येतील तेव्हा मोठे पातेले त्यांनाच माळ्यावरून काढायला सांगा.